ऑपरेशन नको म्हणाले, आणि खरं काम तिथून सुरू झालं – माझा अनुभव

जखमी कुत्रं दिसलं तर काय करायचं हे सांगणारे खूप जण भेटतात, कसं उचलायचं, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं वगैरे. डॉक्टरांनी "आता घेऊन जा" म्हटल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून लिहितोय, आणि खरं सांगायचं तर डोकं अजून तापलेलं आहे म्हणूनही लिहितोय.

आधी रस्त्यावरच्या कुत्र्यांना मदत करणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये कोण कोण ते सांगतो. माझं काम गाडी. मागची सीट आडवी होते, त्यावर प्लास्टिक अंथरलेलं असतं, अपरात्री फोन आला तरी मी निघतो, पण कुत्रं पकडणं माझ्या आवाक्यातलं नाही आणि मी ते कधी करायलाही जात नाही. पकडायला एक मुलगा आहे, तो जमिनीवर बसून पाठ फिरवून कुत्र्याकडे सरकतो ते बघण्यासारखं असतं. एक ताई रोज खायला घालतात, त्यांना प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव पाठ. एक काका पैसे गोळा करतात आणि पै पैचा हिशेब ग्रुपवर टाकतात. एक जण फक्त फोटो, पोस्ट आणि दत्तक घेणाऱ्यांचे फोन सांभाळते. मला ही वाटणी फार आवडते. सगळ्यांनी सगळं करायला गेलं की दोन महिन्यांत सगळे थकून ग्रुप सोडतात, हे मी बघितलंय.

तर ही कुत्री, गाडीने उडवलेली, मागचे दोन्ही पाय ओढत चाललेली. ताईंनी कळवलं, मुलाने पकडली, मी नेली, एक्स-रे झाला. इथपर्यंत लोण्यासारखं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त एक, तिला हातांवर उचलू नका, चादर किंवा ब्लँकेट अंगाखाली सरकवून दोघांनी दोन टोकं धरून उचला, आणि तोंड बांधायचं असेल तर आधी बघा की उलटी होत नाहीये ना, धाप लागलेली नाहीये ना. तसं असेल तर तोंड बांधायचंच नाही. ताई म्हणत होत्या, "अरे ती माझ्या हातून खाते, मला नाही चावणार." दुखत असताना कुणीही चावतं हो ताई.

एक्स-रेत कंबरेचं हाड मोडलेलं निघालं. डॉक्टरांनी छान समजावलं, हे हाड कड्यासारखं असतं, त्यामुळे मोडलं की बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त ठिकाणी मोडतं. पण खुब्याचा सांधा शाबूत होता, तुकडे फारसे सरकलेले नव्हते, मूत्राशय फुटलेलं नव्हतं, पायाला संवेदना होती. म्हणजे ऑपरेशन नको, केज रेस्ट. चार ते सहा आठवडे लहान जागेत बंद, उड्या नाहीत, जिने नाहीत, शी-शूपुरतं पोटाखाली टॉवेल घालून आधार देत बाहेर काढायचं.

ग्रुपवर नुसता जल्लोष. ऑपरेशन वाचलं, पैसे वाचले, हार्ट, टाळ्या, हात जोडलेले. आणि मी काउंटरपाशी उभा राहून विचार करतोय की अहो, केज रेस्ट हाच जर उपचार असेल तर तो करणार कुणाच्या घरात?

काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. पालकाचं नाव, पत्ता, फोन, सही. एक ओळ, एक नाव. मी म्हटलं मी फक्त गाडीवाला. म्हणाल्या, "मग पालक कोण?" म्हटलं रस्त्यावरची आहे. "ते कळलं, पण घेऊन कोण जाणार, पुढच्या तपासणीला कोण आणणार, काही झालं तर फोन कुणाला करायचा?" मी काकांना फोन लावला, काका म्हणाले पैसे मी देतो पण सही नको रे, घरी कळलं तर कुत्री माझ्याच नावावर आहे असं होईल. ताईंच्या घरी आधीच म्हातारी कुत्री, जागा नाही. मुलगा हॉस्टेलवर. फोटोवाली म्हणाली मी पोस्ट टाकते, आणि टाकलीही लगेच, सुंदर टाकली, पण पोस्टवर कुत्री झोपत नाही ना.

मॅडमचं म्हणणं असं की लोक असेच आणून सोडतात आणि मग फोन बंद करतात, त्यामुळे एक नाव पाहिजेच. तसं त्यांचं चूक नाही. पण बाई, मी समोर उभा आहे, बिल भरलेलं आहे, तिकडे माझ्या मागे रांग लागलीय, आणि तुम्ही तोच प्रश्न परत परत त्याच आवाजात विचारताय! अजून एक दिवस ठेवा म्हटलं तर जागा नाही, शेजारच्या वॉर्डात पार्व्होची (कुत्र्यांचा जीवघेणा, पसरणारा आजार) पिल्लं, तिथे ठेवणं बरोबर नाही. हेही खरंच.

तोवर पोस्टवर फॉस्टरच्या, म्हणजे बरी होईपर्यंत घरी ठेवण्याच्या, ऑफर यायला लागल्या आणि मला आधी हायसं वाटलं. एकीकडे लस न झालेली पिल्लं. या कुत्रीला लस आहे की नाही माहीत नाही, आणि ती पार्व्होच्या दारातून बाहेर येतेय, म्हणजे तिथे नाहीच. (पार्व्होचा विषाणू फरशीत-मातीत महिनोन् महिने टिकतो, नुसत्या फिनेलच्या भरवशावर राहू नका, पातळ केलेलं ब्लीच लागतं.) दुसरीकडे वरचा मजला, लिफ्ट नाही. तिसरी म्हणाली दोन दिवस ठेवते, मग तुम्ही बघा. दोन दिवसांनी मी काय बघणार?

शेवटी एक काकू तयार झाल्या, त्या ग्रुपमध्ये नव्हत्याच, ताईंच्या ओळखीच्या. पण त्याही अडल्या. त्यांना पैशाची काळजी नव्हती, घाणीची नव्हती. त्यांनी विचारलं, "रात्री दोनला तिला लघवी झाली नाही आणि ती रडायला लागली तर येणार कोण?" एवढ्या सगळ्या मेसेजमध्ये कामाचा प्रश्न हा एकच. कारण कंबरेच्या मोडतोडीत लघवी होतेय की नाही हेच बघायचं असतं, दिवसभरात झाली नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टर.

मग मी काउंटरवरून कोरा कागद मागून घेतला आणि सगळ्यांना फोनवर घेऊन लिहून काढलं. ठेवणार काकू. रात्रीचा फोन मला. रोज संध्याकाळी टॉवेल धरायला ताई, म्हणजे ओळखीचा माणूस बघून ती खाईलही. औषधं आणि बिल काका. मुलगा गोळी घालायला, कारण गोळी कुणालाच जमत नाही. पिंजरा कुणाचा आणि तो कधी परत द्यायचा हेही लिहिलं, हसू नका, पिंजऱ्यांवरून ग्रुप फुटतात. फॉर्मवर काकांनी येऊन सही केली, "फक्त बिलापुरता" असं लिहून, ताबा म्हणून काकूंचं नाव, आणि हा कागद सोबत जोडला. मॅडमनी वाचला, डॉक्टरांना दाखवला, आणि चालेल म्हणाल्या! इतकं सोपं होतं तर आधी सांगायचं ना! त्या ओळीखाली जागा होती हो, भरपूर जागा होती.

त्यामुळे कुणी विचारलं तर माझं सांगणं एकच, हा कागद एक्स-रेची वाट बघताना लिहा, काउंटरवर नको. आणि "मी मदत करेन" म्हणणाऱ्याला लगेच विचारा की कुठली आणि किती वाजता.

आठवलं म्हणून, पकडणाऱ्यांनी रेबीजची आधीची, म्हणजे चावण्याआधीच घ्यायची लस घेऊन ठेवा, डोस किती आणि कधी ते डॉक्टरांना विचारा. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जाच, आधीची लस असली तरी पुढचे डोस लागतात. एक्स-रेचे फोटो तारखेसकट फोनमध्ये घेऊन ठेवा, दुसरा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो. शी कडक होऊ देऊ नका, आतली वाट अरुंद झालेली असू शकते, काकूंनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि डॉक्टरांनी औषध बदलून दिलं.

ती आता उभी राहते, डुलत डुलत चार पावलं टाकते. आणि आता नवा वाद, ताई म्हणतात तिची जागा तिची आहे, बरी झाली की तिथेच सोडायची, काकू म्हणतात परत त्याच रस्त्यावर? फोटोवालीने परस्पर दत्तकाची पोस्ट टाकली त्यावरून वेगळंच. नसबंदीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, कारण अशा हाडातून पिल्लं बाहेर येणं तिच्या जिवावर बेतू शकतं. बाकीचं पुढच्या एक्स-रेनंतर बघू. त्या दिवशी ताई आणि काकू दोघीही गाडीत असणार आहेत, मी फक्त चालवणार.