डावा पंख: सांगाडा ओळंब्यात, वरचा पत्रा अर्ध्याच्या पुढे

आम्ही किटमधून बांधत असलेल्या विमानाच्या डाव्या पंखाचा सांगाडा एकदाचा सरळ झाला आणि वरच्या पत्र्याचे अर्ध्याहून जास्त रिव्हेट मारून झाले. नवीन मंडळींना वाटतं, विमान बांधणं म्हणजे रिव्हेट मारणं. रिव्हेट दोन-तीन सेकंदांत बसतो. त्याआधीचं मोजमाप आठवडे खातं. आणि पत्रा एकदा बंद झाला की पंखात जो पीळ असेल तो कायमचा. एका पंखाला पीळ राहिला तर विमान त्या बाजूला कलत राहतं आणि पायलट जन्मभर काठी उलट्या बाजूला दाबून धरतो.

आमची शेड देवगडच्या सड्यावर. जांभ्याच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे. मे महिन्यात अकरानंतर आत उभं राहवत नाही, पण माणसाच्या घामापेक्षा धातूचा ताप वाईट. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. पंख पावणेतीन मीटरचा धरा. वरचा पत्रा छपराच्या झळीने स्पारपेक्षा (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईपेक्षा) १० अंश जास्त तापला, तर टोकाशी ०.६ मिलिमीटरचा फरक पडतो. आपली भोकं ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३.२६ची. म्हणजे क्लेको (रिव्हेट मारेपर्यंत पत्रे धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्या) ओढूनताणून बसतात, पण संध्याकाळी गार झाल्यावर पत्रा खेचला जातो नाहीतर लाटा धरतो. त्यामुळे जुळवाजुळव आणि भोकं मोठी करणं पहाटे, स्पार आणि पत्रा दोन्ही सारखे गार असताना. दिवसभर बर (भोकांच्या कडेला उठलेली धार) काढणं, रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) घासणं, प्रायमर, असली कामं.

पीळ तपासायची पद्धत साधी ठेवली आहे. मुळाशी आणि टोकाशी स्पारवरून ओळंबे सोडले, खाली दोरी ताणली. मग दोन्ही टोकांना पुढच्या स्पारपासून मागच्या स्पारपर्यंत एकाच मापाचे ठोकळे ठेवून डिजिटल लेव्हल. या किटच्या पंखाला मुद्दाम दिलेला पीळ नाही, म्हणून दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा, ०.१ अंशाच्या आत आला की मी पुढे जातो. लेव्हल उलटी फिरवून पुन्हा वाचायची, नाहीतर लेव्हलचाच दोष पंखाच्या माथी बसतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजले, सांगाडा गुण्यात. पंखे बंद ठेवा. वाऱ्याने ओळंबा हलतो, म्हणून माझे ओळंबे पाण्याच्या डब्यात बुडवलेले असतात.

बकिंग बार, म्हणजे रिव्हेट ठोकताना मागून टेकवायचा जड ठोकळा, धरायला शेजारचे नाना येतात. हयात होड्या बांधण्यात गेलेली, हात असा की बार तसूभर हलत नाही. फक्त मापाच्या बाबतीत आमचं जमत नाही.

"अर्ध्या सुतान काय जाता रे? होडी चलता मा?"

"होडी पाण्यार बसता, नाना. ह्या बसाचा नाय."

शिवाय कानावरची पेन्सिल. पहिल्याच रिबवर खूण करायला काढली तेव्हा मी ओरडलोच, "नानानू, पेन्सिल नको हां!" पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं आणि खारी दमट हवा लागली की त्या रेघेवरच गंज धरतो. इथे तर हवेतच मीठ. आमचा पत्रा '२०२४' नावाच्या मिश्रधातूचा, त्यात ४ टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, म्हणून तो मजबूत आणि म्हणूनच गंजाला हळवा. वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर त्याला वाचवतो, पण कापलेल्या कडा आणि भोकांच्या भिंती उघड्याच. त्यामुळे किनाऱ्यावर प्रायमर लावायचा की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागांवर आणि कडांवर लावायचाच. खुणेला मार्कर, घासायला स्कॉच-ब्राइट. लोखंडी काथ्या शेडच्या दाराबाहेर.

रिव्हेट मधून बाहेरच्या दिशेला मारत जातो, म्हणजे पत्र्याचा फुगा मध्ये अडकत नाही. एक आड एक भोकात तांब्याच्या रंगाचा क्लेको. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची जाडी अधिक दीड व्यास. ठोकल्यावर मागचं डोकं दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच, म्हणजे ४.८ आणि १.६ मिलिमीटर. गेज लावून बघतो, पण नाना आता आवाजावरूनच सांगतात. किंचित कमी दबलेला रिव्हेट मी सोडून देतो; तो काढताना भोक लंबगोळ झालं तर दुखणं वाढतं. काढायचाच असेल तर डोक्यावरच्या खळीत ड्रिल धरून फक्त डोक्याच्या जाडीइतकं जायचं, पंच घालून डोकं तोडायचं आणि मागे लाकडाचा आधार देऊन दांडा ठोकून काढायचा.

कॉम्प्रेसरची टाकी रोज संध्याकाळी रिकामी करा. या हवेत अर्धा तांब्या पाणी सहज निघतं, आणि तेच पाणी रिव्हेट ठोकायच्या गनमध्ये जातं.

मृग लागायच्या आत खालच्या पत्र्याचा प्रायमर उरकायचा आहे, पावसात तो धड सुकत नाही. खालचा पत्रा लावताना मात्र हात रिबच्या भोकातून कोपरापर्यंत आत घालावा लागतो आणि आमचा लोखंडी बार तिथे वळत नाही. टंगस्टनचा लहान बार कोणाकडे असेल तर कळवा. मालवण ते रत्नागिरी कुठेही येऊन घेऊन जाईन, आणि परत देताना सोबत हापूसची पेटी.