माझ्या गुडघ्याची सरकारी नोंद

14 डिसेंबर 2024, दत्तजयंती. इंदूरमध्ये विजयनगरला ताईकडे जन्माचं कीर्तन झालं, सुंठवडा घेतला आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास मी स्कूटरवरून रिंग रोडने राजेंद्रनगरला घरी निघाले. मागून काहीतरी मोठं आलं, हँडलला लागलं आणि मी रस्त्याच्या कडेला फेकले गेले. गाडी थांबली नाही. ती पिकअप होती की ट्रक, रंग कुठला, नंबर काय, हे तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. एका ऑटोवाल्या भैयाने उचलून दवाखान्यात नेलं, ताईला फोन लावून दिला आणि पैसे न घेता निघून गेला. हेल्मेटला कानाजवळ बोटभर भेग पडली होती. डोकं वाचलं, डावा गुडघा मात्र भोपळ्यासारखा सुजला.

एक्स-रेत हाड शाबूत दिसलं. पोलिसांसाठीच्या मेडिको-लीगल कागदावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ‘साधी दुखापत’ लिहिलं, पट्टी बांधली आणि सकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी हे ठाण्यात गेले. अज्ञात वाहनाविरुद्ध एफआयआर झाला, भारतीय न्याय संहितेची, म्हणजे नव्या दंड कायद्याची, कलमं दोन: 281, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि 125 (अ), म्हणजे त्यातून झालेली साधी दुखापत. मुलाहिजाचा, म्हणजे डॉक्टरांच्या त्या तपासणीचा, कागद साधी म्हणत होता, म्हणून एफआयआरही साधी म्हणाला. त्या रात्री कोणी मुद्दाम चूक केली असं मला वाटत नाही.

पण आठवडा उलटला तरी पाय टेकवता येईना. एमआरआय केला. गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट पूर्ण तुटलेला, गादी फाटलेली. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. 9 जानेवारीला ऑपरेशन झालं.

मी घरून डबे देते. बावीस डबे, बहुतेक शिकणारी आणि नोकरी करणारी मुलं. पहाटे पाचपासून दहापर्यंत ओट्याशी उभं राहावं लागतं. 15 डिसेंबरपासून माझी डब्यांची वही कोरी आहे, ती थेट 3 मार्चपर्यंत. अकरा आठवडे. पुन्हा सुरू केलं तेव्हा बाविसातली नऊ मुलं परत आली, बाकीच्यांनी दुसरीकडे सोय लावून घेतली होती. आणि कागदावर माझी दुखापत अजून साधीच होती.

पडल्या पडल्या भाचीला म्हटलं, मला जरा शोधून दे, कायद्यात गंभीर कशाला म्हणतात ते. तिने भारतीय न्याय संहितेचं 116 कलम काढून वाचून दाखवलं. आठ प्रकार आहेत. पुरुषत्व जाणं, एका डोळ्याची दृष्टी जाणं, एका कानाचं ऐकणं जाणं, अवयव किंवा सांधा गमावणं, त्याची शक्ती कायमची कमी होणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. आणि आठवा: जिवावर बेतणारी, किंवा माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी, किंवा पंधरा दिवस आपली नेहमीची कामं करू न देणारी दुखापत. जुन्या दंड संहितेच्या 320 कलमात हे दिवस वीस होते. 1 जुलै 2024 पासून पंधरा झाले. मी अकरा आठवडे ओट्याशी उभी राहिले नव्हते. हाड मोडलं नाही म्हणून गंभीर नाही, असं कायदा कुठेही म्हणत नाही. ते म्हणणारी माणसं असतात.

भाचीने मग केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा ‘भारतातील रस्ते अपघात 2022’ हा अहवालही मोबाइलवर काढून दिला. दुपारी घरात कोणी नसायचं, मी तो वाचत राहायचे. 2010 मध्ये देशात रस्त्यांवर 1,34,513 माणसं गेली. 2022 मध्ये 1,68,491. बारा वर्षांत चौथ्या हिश्श्याने वाढ. कोरोनाच्या 2020 मध्ये आकडा बराच खाली आला, मग पुन्हा चढला. 2022 च्या मृतांत 74,897 दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घातलेले 50,029. माझं भेग पडलेलं हेल्मेट समोरच्या खुंटीवर होतं, त्यामुळे या ओळीवर मी बराच वेळ थांबले.

पण मला हलवलं ते जखमींच्या रकान्याने. 2010 मध्ये जखमी 5,27,512. 2022 मध्ये 4,43,366. मेलेले पंचवीस टक्क्यांनी वाढले आणि जखमी सोळा टक्क्यांनी कमी झाले? गाड्या वाढल्या, वेग वाढला, मरणारे वाढले, मग जखमी कुठे गेले? 2022 च्या हिशोबाने आपल्याकडे एका मृत्यूमागे अडीच-पावणेतीन जखमी नोंदले जातात. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 1,711 मृत्यू आणि सगळे मिळून 1,35,480 मृत-जखमी होते, म्हणजे एका मृत्यूमागे अठ्ठ्याहत्तर जखमी. आपले रस्ते जास्त जीवघेणे आहेत हे मान्य, पण एवढा फरक तेवढ्याने पडत नाही. मेलेला माणूस मोजावाच लागतो: पंचनामा, पोस्टमॉर्टेम, अपघातानंतर तीस दिवसांत गेला तरी त्याची गणती मृतांत. जखमी माणूस घरी जातो आणि त्याच्याबरोबर नोंदही जाते. गल्लीतल्या तीन घरांत मी विचारलं. तिघांच्याही घरी गेल्या काही वर्षांत कोणाचं ना कोणाचं हाड गाडीवरून पडून मोडलं होतं. ठाण्यात एकाचीही नोंद नव्हती. ही तीन घरं म्हणजे पुरावा नव्हे, पण माझा निश्चय तिथे झाला. निदान माझा गुडघा योग्य रकान्यात जायला हवा.

फेब्रुवारीत वॉकर घेऊन ठाण्यात गेले. आमच्याकडे तपास अधिकाऱ्याला विवेचक म्हणतात. विवेचक एक हवालदार होते, वयाने माझ्या दादाएवढे. त्यांनी फाइल पाहिली आणि विचारलं, “बहनजी, हड्डी तो टूटी नहीं ना?” मी एमआरआयचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद आणि डब्यांची वही पुढे ठेवली. वही बघून ते थोडे गप्प झाले. मग नीट समजावलं: मी सांगून कलम बदलत नाही, डॉक्टरांचं मत लागतं. ठाण्यातून दवाखान्याला पत्र जातं, त्याला इथे क्वेरी म्हणतात. त्याचं उत्तर ‘गंभीर’ आलं तर धारा इजाफा होतो, म्हणजे 125 (अ) च्या जागी 125 (ब).

क्वेरी गेली आणि उत्तर येईना. पहिल्या रात्रीचे डॉक्टर नोकरी सोडून गेले होते. दुसरे म्हणाले, मी पेशंट पाहिलाच नव्हता, मी कसं लिहू? तीन फेऱ्या फुकट गेल्या. प्रत्येक फेरीला येऊन-जाऊन तीनशे रुपये ऑटो आणि रात्री सुजलेला गुडघा. शेवटी ऑपरेशन केलेल्या सर्जननी मत लिहून दिलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय लिहू? मी सांगितलं, तुम्हाला जे खरं वाटतं तेच लिहा, फक्त किती दिवस काम करता आलं नाही ते आकड्यात लिहा. तो एक आकडा त्या पत्रात नसता तर माझं प्रकरण तिथेच थांबलं असतं. असा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: ‘विश्रांतीचा सल्ला दिला’ एवढ्यावर समाधान मानू नका, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहून घ्या.

भरपाईचं मला आधी काही माहीत नव्हतं. गाडी सापडली असती तर विम्याचा दावा अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात गेला असता. गाडीच नाही, तर दावा कोणावर? भाचीने शोधलं की अशा पळून गेलेल्या गाड्यांसाठी 1 एप्रिल 2022 पासून केंद्राची योजना आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. साध्या दुखापतीला काहीच नाही. म्हणजे तो एक शब्द इथेही आडवा आला.

आणि हेही कळलं की 12 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर आदेश दिला आहे. ते कोइम्बतूरचे हाडांचे सर्जन, 2012 पासून हा खटला लढत आहेत. अपघाताची नोंद झाल्यापासून महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर ठाणे प्रभारीने जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना या योजनेबद्दल लेखी कळवायचं, असं त्या आदेशात आहे. त्यातच आकडे आहेत: 2022 मध्ये पळून गेलेल्या गाड्यांचे 67,387 अपघात, आणि 2022-23 या वर्षात भरपाईचे दावे आले 205, निकालात निघाले 95. सदुसष्ट हजारांपुढे दोनशे पाच. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझा महिना संक्रांतीच्या सुमारासच भरला होता, पत्र आलं नव्हतं. आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात गेले. भांडले नाही. विवेचकांनी ती बसून पूर्ण वाचली आणि आठवड्याने पत्र दिलं. तोवर धारा इजाफाही झाला होता.

भरपाईच्या अर्जाचं तहसीलमधलं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. अर्जाचा नमुना, एफआयआरची प्रत, क्वेरीचं उत्तर, दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक, आणि पुढे गाडी सापडून दुसरी भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करीन असं हमीपत्र. अर्ज अपघात जिथे झाला तिथल्या तहसीलला द्यायचा, घराजवळच्या नव्हे. यात माझी एक फेरी वाया गेली. नियमाप्रमाणे चौकशीला महिना, जिल्ह्याच्या मंजुरीला पंधरा दिवस आणि पैसे जमा व्हायला आणखी पंधरा दिवस लागायला हवेत. मी 24 मार्चला अर्ज दिला, पैसे 28 जुलैला जमा झाले. बाबूंनी कधी उद्धट उत्तर दिलं नाही, पण असा अर्ज त्यांच्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आला होता. फाइल पुढे कुठे पाठवायची हे ते दर वेळी कोणाला तरी विचारून सांगायचे.

पन्नास हजारांत ऑपरेशनचा एक तृतीयांश खर्च निघाला. मे 2025 मध्ये केंद्राने अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत बिनपैशाच्या उपचाराची योजना लागू केली. माझ्या वेळी ती नव्हती. तुमच्यावर वेळ आली तर दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिचं नाव काढा.

ऑगस्टमध्ये एफआयआरच्या शिक्क्याच्या प्रतीसाठी पुन्हा ठाण्यात गेले, या वेळी वॉकरशिवाय. विवेचकांना विचारलं, कागदावर झालं, पण अपघातांची जी कॉम्प्युटरवर नोंद होते, ती बदलली का? मध्य प्रदेश हे त्या नोंदणीच्या पहिल्या सहा राज्यांपैकी एक, आणि वर्षाचे आकडे अशाच नोंदींतून वर जातात, एवढं मला तोवर ठाऊक झालं होतं. त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला नाही, याचं मला बरं वाटलं. त्यांनी शेजारच्या मुलाला नंबर सांगितला. त्याने पान उघडलं. दुखापतीचा प्रकार अजून ‘साधी’च होता. “इसमें रह गया,” तो म्हणाला, क्वेरीचं पत्र मागून घेतलं, स्कॅन केलं, रकाना बदलला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी चष्मा लावून वाचलं. मग शेजारी बाकावर बसलेल्या, हाताला प्लास्टर घातलेल्या पोराला विचारलं, तुझ्या कागदावर काय लिहिलंय रे?