बदललेल्या ओळींपुरतंच बोल

कर्जाचे हप्ते सांभाळणाऱ्या सिस्टीमवर आमची पुण्यातली टीम काम करते. जेनकिन्सवरचं बिल्ड (कोड आपोआप जोडून तपासायची व्यवस्था), सोनारक्यूबचा क्वालिटी गेट (कोडचा दर्जा तपासणाऱ्या टूलची पास-नापासची अट) हे सगळं आधीपासून होतंच. त्यात कोड तपासणारं नवं एआय मॉडेल बसवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या कोडवर ते चालवल्याबरोबर इशाऱ्यांचा असा पूर आला की टीममधले जुनेजाणते म्हणाले, "हे बंद कर बाबा, आम्हाला कामं आहेत." त्यांचं बरोबरच होतं. यादीत निम्मा गाळ असला की ती कुणी वाचत नाही, आणि खरा इशाराही त्यातच बुडतो.

म्हणून बिल्डमध्ये मॉडेलसाठी वेगळी स्टेज, म्हणजे वेगळा टप्पा, केला. संदर्भाला अख्खी फाइल द्यायची, पण मॉडेलने बोलायचं ते पुल रिक्वेस्टमधल्या (मुख्य कोडमध्ये बदल घ्यायच्या विनंतीतल्या) बदललेल्या ओळींबद्दलच. निकाल सारिफ फॉरमॅटमध्ये (तपासणीचे निकाल लिहायच्या ठरलेल्या साच्यात) घेतले, म्हणजे ते सोनारक्यूबमध्येच दिसतात, आणखी एक स्क्रीन उघडायला नको. बिल्ड मात्र अडवायचं नाही, असं ठरलं.

बुधवारी दुपारी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीची पुल रिक्वेस्ट आली. फाइल लवकर संपावी म्हणून तिने हप्त्यांच्या तारखा वाचायचं काम पॅरलल स्ट्रीमवर, म्हणजे अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) वाटून, टाकलं होतं. मॉडेलने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं: वर स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, ठेवलेला सिंपलडेटफॉरमॅट (जावातला तारीख वाचणारा जुना ऑब्जेक्ट) आता अनेक थ्रेड एकाच वेळी वापरणार.

"दादा, टेस्ट तर सगळ्या पास आहेत. हे उगाच सांगतंय का?"

वाद घालण्यापेक्षा तिथेच छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दहा थ्रेड, सगळ्यांना वाचायला एकच तारीख: 31-03-2024. कन्सोलवर काही ओळी बरोबर आल्या, मग नंबरफॉरमॅटएक्सेप्शन (आकडा वाचता न आल्याचा एरर), आणि मधूनच भलत्याच वर्षाची तारीख. ही शेवटची गोष्ट सगळ्यात घातक, कारण एरर येतच नाही. हप्ता गुपचूप चुकीच्या दिवशी पडतो. त्या सिंपलडेटफॉरमॅटच्या पोटात एकच कॅलेंडर असतं. एक थ्रेड ते भरत असताना दुसरा पुसतो. आमच्या टेस्ट एका थ्रेडवर चालायच्या, त्यांना हे दिसणार कसं?

तिने लगेच त्याऐवजी डेटटाइमफॉरमॅटर वापरला. जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, तो आहे आणि एकदा बनला की बदलत नाही, त्यामुळे कितीही थ्रेडनी वापरला तरी चालतो.

संध्याकाळी जुन्याजाणत्यांनीच सुचवलं, की थ्रेडची भानगड आणि पैशांसाठी वापरलेला डबल (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार), एवढ्या दोन गोष्टींवर बिल्ड थांबू दे. बाकी सगळा सल्लाच. लॉम्बॉक या टूलने आपोआप बनवलेले गेटर (माहिती परत देणाऱ्या छोट्या मेथड) मॉडेलला दिसत नाहीत, त्यामुळे "ही मेथडच नाही" अशी तक्रार ते अजून करतं. सध्या मी त्याच्यामागे लागलोय.