न छापलेला पाचवा सेट

वर्तमानपत्राच्या क्रीडा पानासाठी विम्बल्डनचा शेवटचा शनिवार म्हणजे डोक्याला ताप. २०२४ पर्यंत महिला एकेरीची अंतिम लढत आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायची आणि बहुधा वेळेत उरकायची. तिच्यामागून त्याच कोर्टवर पुरुष दुहेरीची अंतिम लढत असायची. २०१७ साली ती पाच सेटची होती आणि पाचव्या सेटला टायब्रेक, म्हणजे ६-६ झाल्यावर सेटचा झटपट निकाल लावणारा गेम, नव्हता; दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. ती कधी संपेल हे पंचांनाही सांगता आलं नसतं. पान मात्र ठरल्या वेळीच छपाईला सोडावं लागतं.

१५ जुलै २०१७ ला पान दुपारीच निम्मं भरल्यासारखं होतं. डर्बीत भारताच्या मुलींनी न्यूझीलंडला १८६ धावांनी लोळवून विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. मिताली राज १०९, राजेश्वरी गायकवाड १५ धावांत ५ बळी. तो टॉप. त्याखाली मुगुरुझाने व्हीनसला ७-५, ६-० असं हरवलं ते, तीन कॉलम, फोटोसह. दुसऱ्या दिवशीच्या फेडरर-चिलिच लढतीची चौकट. उरला उजव्या कडेला एक सिंगल कॉलम: चार सेंटिमीटर रुंद, नऊ सेंटिमीटर उंच, खाली जाहिरात. मथळा वजा केला की सोळा ओळी, म्हणजे पासष्टएक शब्द. पुरुष दुहेरीचा विजेता तिथे बसणार होता.

पहिली अडचण नावांची. एका बाजूला पोलंडचा लुकास कुबोत आणि ब्राझीलचा मार्सेलो मेलो. समोर ऑस्ट्रियाचा ऑलिव्हर मराच आणि क्रोएशियाचा माते पाविच. मेलो विरुद्ध मराच! ‘मेलो जिंकला’ असा मथळा कोकणातल्या वाचकापुढे ठेवायला रात्रपाळीचे प्रमुख तयार नव्हते, आणि ‘मराच पराभूत’ ही तर त्याहून वाईट सोय. ‘निधनवार्तांचं पान वेगळं आहे,’ एवढंच म्हणाले. म्हणून मथळ्यात कुबोत घ्यायचा ठरला. पोलंडच्या या खेळाडूला आमच्या पानावर आयुष्यात एकदा मथळा मिळाला तो असा, जोडीदाराच्या आडनावामुळे.

त्यातलं ‘मराच’ ही आमचीच करणी. जर्मन उच्चार ‘माराख’च्या जवळ जातो. ‘लुकास’ही चूकच. पोलिशमध्ये त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या पोटातून एक तिरकी रेघ जाते आणि त्याचा उच्चार ‘ल’ नसून ‘व’ होतो. नाव ‘वुकाश’. एजन्सीच्या इंग्रजी मजकुरात ती रेघ गळून पडते, साधा एल उरतो आणि आपण ‘लुकास’ लिहून मोकळे होतो. तो जन्मला ते गाव बोलेस्वावियेत्स, मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं; तिथेही तेच अक्षर, तेच गळणं. हे माहीत असूनही मी ‘लुकास’च ठेवलं. कारण जुन्या बातम्यांच्या साठ्यात नाव तसंच होतं आणि नाव बदललं की शोधताना मागचं काही सापडत नाही. डेस्कवर शुद्ध आणि सोयीचं यांच्या भांडणात सोयीचंच जिंकतं.

त्या साठ्यात तो आधी आलेला दिसला तो महेश भूपतीमुळे. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला कुबोत उपांत्य फेरीत भूपती आणि मार्क नोल्सकडून हरला होता. तेव्हा त्याचा जोडीदार कोण? हाच ऑलिव्हर मराच. दोघांनी त्या वर्षी बरंच जिंकलं, वर्षअखेरच्या आठ जोड्यांच्या स्पर्धेपर्यंत मजल मारली. आठ वर्षांनी सेंटर कोर्टवर दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभे. दुहेरीत याहून मोठं नाट्य सहसा नसतं. समोरचा दडपणाखाली दुसरी सर्व्हिस कुठे टाकतो, घाईला आला की बॅकहँड कुठे मारतो, हे तुम्हाला चित्रफितीतून शिकावं लागत नाही. शेकडो तास शेजारी उभं राहून ते अंगात भिनलेलं असतं. आणि तुमचंही त्याला ठाऊक असतं.

दुहेरीच्या खेळाडूची कारकीर्द अशीच, जोडीदारांच्या यादीतून वाचावी लागते. वाचकाला एकेरीची सवय, त्याला वाटतं दोन मित्र ठरवतात आणि खेळतात. प्रत्यक्षात मुख्य फेरीत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून. बेरीज जितकी लहान तितकी जागा पक्की. म्हणून घसरणीला लागलेला खेळाडू वर असलेल्याला शोधतो आणि वर असलेला त्याचे फोन घेत नाही. शिवाय क्रमांक जोडीचा नसतो, प्रत्येकाचा वेगळा. मागच्या ५२ आठवड्यांत ज्याच्या-त्याच्याबरोबर खेळून मिळवलेले गुण मोजतात. म्हणून ही लढत जिंकून दोघांना सारखेच २००० गुण मिळाले, पण सोमवारी अव्वल झाला एकटा मेलो. त्याच्या खात्यात आदल्या ऑगस्टमधले, इव्हान डोडिगबरोबर जिंकलेल्या टोरंटो आणि सिनसिनाटीचे गुण होते. कुबोतला ८ जानेवारी २०१८ पर्यंत थांबावं लागलं. तोवर बातमी शिळी, आणि पानावर भारताचा दक्षिण आफ्रिका दौरा.

कुबोत मूळचा एकेरीचाच खेळाडू. २०१० मध्ये एकेरीत ४१ वा. २००९ ला बेलग्रेडमध्ये तो पात्रता फेरीत हरला होता. कुणीतरी माघार घेतल्याने मुख्य फेरीत ओढला गेला आणि थेट अंतिम फेरीत जोकोविचसमोर जाऊन उभा राहिला. हरला, पण त्याच स्पर्धेतली दुहेरी मराचबरोबर जिंकून गेला. २०१३ च्या विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरीत यानोविचकडून हरल्यावर दोघा पोलिश पठ्ठ्यांनी फुटबॉलवाल्यांसारखे शर्ट बदलले, तो फोटो आम्ही छापला होता. २०१४ ला स्वीडनच्या रॉबर्ट लिंडस्टेटबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो कोर्टवर पाय उडवत कॅनकॅन नाचला. ग्रँड स्लॅम जिंकणारा त्याच्या आधीचा पोलिश पुरुष म्हणजे वोय्चेख फिबाक, तोही दुहेरीतच, १९७८ मध्ये.

यातलं किती पासष्ट शब्दांत बसतं? काहीच नाही. मराच जुना जोडीदार असल्याचं एक वाक्य मी लिहिलं होतं. सात शब्द. आधी तेच उडवलं.

चालू सामन्याची बातमी लिहायची आमची एक रीत आहे. दोन मजकूर तयार ठेवायचे, एक या जोडीच्या विजयाचा, एक त्या जोडीच्या, आणि गुणांच्या जागी फुल्या. सामना संपला की नको तो पुसायचा, फुल्यांवर आकडे टाकायचे, पान सोडायचं. तीस सेकंदांचं काम. बातमीचा क्रमही ठरलेला: महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर डोळे मिटून तळातून कापता येतं. माझी चूक इथेच झाली. फुल्या शेवटी भराव्या लागतात म्हणून हात सोयीने गेला आणि सेटचे आकडे मी तळाशी, शेवटच्या ओळीत ठेवले.

बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती कधीच गेली होती. तिच्यात त्या जागी राज्य कबड्डीची बातमी. शहर आवृत्तीची मुदत रात्री दीडची. पहिला सेट ५-७, दुसरा ७-५, तिसरा टायब्रेकवर ७-६, चौथा ३-६. पाचव्यात कुणी कुणाला हलू देईना. गवतावरच्या दुहेरीत सर्व्हिस मोडणं अवघडच असतं. चेंडू खाली राहतो, परतवणाऱ्याला तो उचलावा लागतो आणि उचललेला चेंडू जाळीपाशी टपलेल्या दुसऱ्या गड्याच्या तोंडात जातो. इथे तर एक गडी २०३ सेंटिमीटर उंच मेलो, पलीकडे डावखुरा पाविच, ज्याची फिरकी उलट्या दिशेला पळते. त्यात हे खेळाडू वर्षभर इतरत्र खेळतात ते वेगळंच टेनिस: ४०-४० झालं की एकच निर्णायक गुण, तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, दीड तासात घरी. पाच सेट आणि पूर्ण ड्यूस, म्हणजे ४०-४० नंतर दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत खेळ, हे ओझं विम्बल्डनच टाकायचं. कुबोत आणि मेलो उपांत्य फेरीतही पाचव्या सेटला ९-७ पर्यंत ताणून, अग्रमानांकित कोंटिनेन-पीअर्सना हरवून आले होते. कुबोतचं वय ३५.

११-११. खेळ थांबला. लंडनमध्ये उजेड कमी झाला म्हणून छत ओढून दिवे लावायचे. त्या छतापायी आमचं पान लटकलं. डेस्कवरचा टीव्ही मितालीचं शतक पुन्हा पुन्हा दाखवत होता, आकडे संकेतस्थळावर बघायचे. त्याच वेळी जाहिरात विभागातून खालची जाहिरात बदलून आली. नवी आधीच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटरने उंच. पान लावणाऱ्याने माझी चौकट तेवढी वर ढकलली, म्हणजे सोळाच्या पंधरा ओळी झाल्या.

छत बंद झालं, चौघे परत आले, दोन गेम, संपलं. मी आकडे भरले. पान लावणारा म्हणाला, ‘साहेब, एक ओळ ओव्हर होतेय.’ चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह आलं होतं. मजकूर आहे पण चौकटीत मावत नाही, अशी त्याची खूण. मी दुसऱ्या पानाच्या प्रुफात डोकं घातलेलं. म्हटलं, ‘जाऊ दे, तळातलीच असेल.’ पान गेलं.

सकाळी अंकात छापलं होतं: ‘५-७, ७-५, ७-६, ३-६,’ आणि पुढे पांढरं. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. ‘१३-११’ पुढच्या ओळीवर एकटं पडलं होतं, तेच गेलं. आमच्या अंकात दोन्ही जोड्यांचे दोन-दोन सेट झाले आणि कुबोत-मेलो विजेते ठरले. गेम मोजले तर २२ विरुद्ध २४, म्हणजे विजेते मागे.

मी फोनची वाट बघितली. शब्दकोड्यात एक चौकोन चुकला तर दुपारपर्यंत पंधरा फोन येतात. पंचांगात तिथी हुकली तर संपादकांच्या घरी माणसं येतात. या बातमीवर एकही नाही. सोमवारीही नाही. तक्रार नाही म्हणून दुरुस्तीही छापली नाही, हा आमचा नियम. पेसपासून भूपतीपर्यंत आणि पुढे बोपण्णापर्यंत, ज्या देशाची टेनिसमधली निम्मी पुण्याई दुहेरीची आहे, तिथे तिरंगा नसलेली दुहेरी कुणी वाचत नाही, हे मला त्या दिवशी आकड्यानिशी कळलं. आकडा शून्य.

चुकीचं कारण शोधायला मी गेम पुन्हा मोजले तेव्हा दुसरीच गोष्ट हाती आली. पाचवा सेट धरला तर एकूण ७० गेम. कुबोत-मेलो ३५, मराच-पाविच ३५. साडेचार तासांवर खेळून दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, आणि करंडक एकीकडे. चेंडू बदलण्याच्या नियमाने, आधी ७ गेमनंतर आणि मग दर ९ ला, पुढचे नवे चेंडू बरोबर सत्तराव्या गेमनंतर यायचे होते. ही खरी बातमी होती. सात शब्दांत बसली असती. त्याच कोर्टवर त्यानंतर झालेली महिला दुहेरीची अंतिम लढत माकारोवा-वेस्निना यांनी ६-०, ६-० अशी जिंकली. एकाच संध्याकाळी ७० गेम आणि १२ गेम. तेही कुठे आलं नाही.

असा आकडा आता विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीत दिसणार नाही. २०१९ ला शेवटच्या सेटला १२-१२ वर टायब्रेक आला, २०२२ ला तो ६-६ वर आणला आणि २०२३ पासून पुरुष दुहेरी तीनच सेटची केली. रात्रपाळीच्या दृष्टीने उत्तम. खेळाचं काय झालं ते खेळणाऱ्यांना विचारा.

२६ जानेवारी २०२४ ला दुसरा एक पोलिश दुहेरीवाला, यान झेलिन्स्की, तैवानच्या शेह सू-वेईबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकला. त्या दिवशी कार्यालयाला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, म्हणून २७ ला अंकच नव्हता. २८ ला पान उघडलं ते तिथेच पुरुष दुहेरी जिंकलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या बोपण्णाने, आणि रास्तच. झेलिन्स्कीची बातमी मी सिंगल कॉलमसाठी लिहून ठेवली होती, सेटचे आकडे पहिल्याच वाक्यात. जागा मिळाली नाही.

२०१७ ची ती दुरुस्ती राहिलीच आहे. ५-७, ७-५, ७-६ (७-२), ३-६, १३-११.