तास नव्हे, तारखा

घरून काम करणाऱ्यांसाठीचे सल्ले वाचले की वाटतं, ते लिहिणाऱ्यांच्या घरात दुसरं कुणी राहतच नसावं. वेगळी खोली ठेवा, फोन बंद करा, ठरलेल्या वेळी लॅपटॉप मिटा. मी साताऱ्यात राहत्या घरातूनच छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न बघते. हार्डवेअरवाले, मेडिकलवाले, दोन-चार ट्रान्स्पोर्टवाले. फोन बंद केला तर धंदाच बंद.

माझ्या कामाला घड्याळापेक्षा कॅलेंडर जास्त कळतं. ७ तारखेला टीडीएसचं, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेल्या कराचं चलन. ११ ला विक्रीचं जीएसटीआर-१. १४ ला टूबी येतं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं किती क्रेडिट, म्हणजे वजावट मिळणार याचा तक्ता. २० ला थ्रीबी, म्हणजे कर भरून द्यायचं रिटर्न. तिमाहीवाल्यांच्या तारखा वेगळ्या, १३ आणि २२. जीएसटीच्या रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, निल म्हणजे कर शून्य असेल तर २०, आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. त्यामुळे ‘आज किती तास काम केलं?’ हा प्रश्न मी स्वतःला विचारतच नाही. ५ तारखेला दुपारी झोपले तरी काही बिघडत नाही. १८ ला झोपले तर बिघडतं.

भाच्याने पोमोडोरोचं ॲप टाकून दिलं होतं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ही पद्धत बसवली म्हणे. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलांच्या एंट्र्या मारायला ती झकास आहे. मान अवघडत नाही. पण टूबी जुळवताना तिचा उपयोग शून्य. खरेदीच्या रजिस्टरला बिल आहे, टूबीत नाही. समोरच्याने रिटर्नच भरलं नाही, की बिल नंबर चुकवला, की भलत्याच जीएसटी नंबरवर टाकलं? धागा हाती लागतोय तोवर घंटी वाजते. म्हणून जुळवणी मी पहाटे करते, नळाला पाणी आणि दारात स्कूल व्हॅन यायच्या आत. दिवसभरात दुसरं काही झालं नाही तरी चालेल, ते दीड-दोन तास मी कुणाला देत नाही.

उरलेला वेळ माझा नसतोच, तो ओटीपीचा असतो. रिटर्न तयार आहे, कर भरलाय, फक्त शेवटचा ओटीपी हवाय आणि शेठ फोन उचलत नाहीत. हार्डवेअरवाले सकाळी दुकान उघडून पूजा होईपर्यंत बोलत नाहीत. मेडिकलवाल्यांना संध्याकाळी गिऱ्हाइकांतून मान वर करता येत नाही. एकांचा नोंदवलेला नंबर त्यांच्या मुलाकडे, आणि मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये. तोवर ओटीपी मरतो, पुन्हा मागवायचा. आता एका वहीत प्रत्येकासमोर त्याची वेळ लिहून ठेवलीय. कुणी साडेअकरा, कुणी जेवून झाल्यावर सव्वातीन, कुणी रात्री दुकान वाढवल्यावर. माझा दिवस त्या वहीवरून लागतो. वेळेचं नियोजन म्हणतात त्यातलं अर्धं तरी काम, माझ्यापुरतं, दुसऱ्यांच्या वेळा पाठ असण्याचं आहे.

घरच्यांना तारखा सांगणं हा त्याचाच पुढचा भाग. ‘मी कामात आहे’ असं रोज म्हटलं की ते कुणाला ऐकू येईनासं होतं. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, ‘आई, दाराच्या कडीला ओढणी असली की मी ऑफिसात.’ आता शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या की सासूबाईच बाहेरून सांगतात, ‘ओढणी आहे, नंतर या.’ कुरिअर, गॅस, सगळं परस्पर घेतात. फक्त भाजीत मीठ किती, हे विचारायला ओढणी आड येत नाही.

सण मात्र कॅलेंडर बघून येत नाहीत. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि थ्रीबी २० ला. म्हणजे मोदकांची उकड आणि शेवटची तारीख अंगावर एकदमच. त्या वर्षी जुलै संपतानाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, ऑगस्टची बिलं ५ सप्टेंबरपर्यंत आली नाहीत तर रिटर्न गौरी उठल्यावर, लेट फी तुमची. बिलं आली. काही ३ तारखेलाच! तेव्हापासून नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आधी सणांवर आणि २० तारखांवर लाल गोल करते.

२२ नंतरचे दिवस मोकळे. तेव्हा जुनी येणी-देणी जुळवते, स्वतःच्या फीचे मेसेज पाठवते (हे काम मी सगळ्यात जास्त टाळते), लेकाचा अभ्यास घेते. ओढणी तेव्हा कपाटात असते. आणि बरोब्बर २३ ला ट्रान्स्पोर्टवाल्यांचा फोन येतो, ‘मॅडम, डिझेल पंपाशेजारच्या टायरवाल्याचं एक बिल गाडीतच राहिलं होतं.’

‘पुढच्या महिन्यात घेऊ,’ मी म्हणते. ‘फोटो नीट काढा, नंबर दिसू दे.’