सोल्युशनचा जोड आणि परभणीची दुपार

परभणीतील आमच्या न्हाणीचे आणि कपडे धुण्याचे पाणी आजवर सरळ गटारात जात असे. एकीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची आणि दुसरीकडे वापरलेले पाणी वाया घालवायचे, हे मनाला पटेना. म्हणून यंदा मे महिन्यात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकून ते पाणी परसातील लिंबाच्या आळ्यापर्यंत न्यायचे, आणि तेही स्वतःच्या हाताने, असे मी ठरवले. अंतर सहा मीटरचे होते.

पाइप जोडायच्या ज्या चिकट द्रवाला दुकानात सगळे सोल्युशन म्हणतात, त्याला मी डिंकाचा मोठा भाऊ समजत होतो. प्रत्यक्षात ते टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकांत विरघळवलेले पीव्हीसीच असते. त्याने पाइपचा बाहेरचा आणि बेंडच्या, म्हणजे पाइपला वळण देणाऱ्या तुकड्याच्या, तोंडाचा आतला पृष्ठभाग मऊ पडतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की तो भाग एकजीव होतो. ठिबकचा काळा पाइप या सोल्युशनने कधीच का जुळत नाही, हेही तेव्हा उमगले: तो पॉलिथिनचा असतो आणि या द्रावकांत विरघळत नाही.

पहिला जोड मी भर दुपारी केला. पाइप सकाळपासून गच्चीवर तापत पडला होता. सोल्युशन लावून बेंड हातात घेईपर्यंत त्यावर साय धरली. पाइप निम्माच आत गेला आणि बेंडचे तोंड लिंबाऐवजी कंपाउंडच्या भिंतीकडे राहिले. मी दोन्ही पायांत पाइप धरून ओढत असताना शेजारी टाकी बसवायला आलेले मिस्त्री भिंतीवरून म्हणाले, “सर, आता ओढू नका, त्याचं लगीन लागलंय.” कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. बेंड गेला, वीतभर पाइप गेला आणि दोन पाइप सरळ जोडणारा एक कपलर जास्तीचा आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजताच बसलो. कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून, तिच्या कडा जुळवून रेघ मारली, म्हणजे हॅक्सॉचा काप काटकोनात येतो. आतला चुरा चाकूने खरवडला आणि बाहेरची कड कानशीने उतरती केली. कड धारदार राहिली तर ती सोल्युशन पुढे ढकलत नेते आणि जोड कोरडा राहतो. मग सगळे कोरडेच बसवून पाहिले. कोरडा पाइप अर्ध्यावर अडकायला हवा, कारण तोंड आत निमुळते असते. बेंड कुठे पाहणार, त्याची पेन्सिलची खूण पाइप आणि बेंड दोन्हींवर केली. बेंडच्या आत पातळ थर, पाइपवर भरपूर, पाव वेढा देत खुणेवर आणायचे आणि सावकाश तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचे. यातला शेवटचा भाग कंटाळवाणा असला तरी हात लवकर सोडल्यास त्या निमुळत्या तोंडातून पाइप हळूच मागे सरकतो.

डबा दर वेळी झाकला. आदल्या दिवशी उघडा राहिलेला डबा जेलीसारखा झाला होता. त्यात थिनर ओतून तो वाचवण्याचा मोह मी आवरला. विडीवाल्या मदतनिसालाही लांब बसवले, कारण ही वाफ पेट घेते.

सगळेच जोड मात्र चिकटवले नाहीत. पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते; पहाटेपेक्षा दुपारी उन्हातला पाइप तीस अंशांनी तापला, तर सहा मीटरला बारा मिलिमीटर होतात. म्हणून मध्ये एक जोड रबरी रिंगचा ठेवला आणि पाइप पूर्ण आत घालून दहा-बारा मिलिमीटर मागे ओढला. उतार चाळीसास एक, म्हणजे एकंदर १५० मिलिमीटर, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजून घेतला.

एक दिवस थांबून, खालचे तोंड बंद करून पाइप भरला. दीड बादली पाणी लागले, आणि तेही नंतर लिंबालाच गेले. एकही जोड ओला झाला नाही.

कापून टाकलेला बेंड मी नंतर हॅक्सॉने उभा चिरला. जिथे पाइप घट्ट बसला होता तिथे दोन भिंतींमधली रेघ नखालाही लागत नव्हती. जिथे सोल्युशन आधीच वाळले होते तिथे पांढुरकी फट होती आणि तिच्यात पोस्टकार्डाचा कोपरा सहज शिरला.