विकत घेतलेला गेम नेमका कोणाचा?

पूर्वी कार्ट्रिजवरचा (म्हणजे खेळयंत्रात घालायच्या डबीतला) गेम विकत घेतला की तो आपला होत असे. तो मित्राला देता येई, विकता येई आणि बनवणारी कंपनी बुडाली तरी खेळता येई. आता आपण पैसे मोजतो ते बहुतेक वेळा केवळ वापराच्या परवान्यासाठी, आणि हा फरक गेम ज्यांच्या आधारे चालतो ते कंपनीचे संगणक, म्हणजे सर्व्हर, बंद होईपर्यंत सहसा जाणवत नाही.

२०१४ साली आलेल्या युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि त्यातील एकट्याने खेळायचा भागही त्यांच्याबरोबर संपला, कारण त्यालाही सतत इंटरनेट जोडणी लागत असे. सर्व्हर अनंतकाळ चालवावेत अशी माझी अपेक्षा नाही, त्यांना खर्च येतो हे मला कळते. परंतु निरोप घेण्यापूर्वी ऑफलाइन खेळण्याची सोय देणे, किंवा खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर उभारू देणे, ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही. १९९६ मधील ‘क्वेक’ या नेमबाजीच्या गेमचे सर्व्हर हौशी लोक आजही चालवतात. (त्यात माझा दारुण पराभव होतो, हा भाग वेगळा.)

‘द क्रू’च्या निमित्ताने, विकलेले गेम असे कायमचे बंद पाडण्याविरुद्ध ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, तर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्येच कायदा करून, आपण मालकी नव्हे तर परवाना विकत आहोत हे विक्रेत्यांनी स्पष्ट सांगावे, असे बंधन घातले. तो प्रामाणिकपणा मला मान्य आहे, पण अशा सूचनेने एकही गेम वाचत नाही.